औषधाला न जुमानणारा रानमुळा



मुळा तुम्हा सर्वांच्या ओळखीचा आहे. भाजीबाजारात पांढऱ्या मुळ्यांच्या जुड्या रचून ठेवलेल्या असतात. जेवणात कांद्याबरोबर मुळ्याच्या चकत्या तुम्ही खाल्ल्या असतील. याच मुळ्याचा एक रानटी भाऊ आहे. त्याला कोणी पेरत नाही, कोणी पाणी घालत नाही आणि कोणी विकतही घेत नाही. तरीसुद्धा पश्चिम ऑस्ट्रेलियातील गव्हाच्या शेतांत तो दरवर्षी न चुकता उगवतो. शेतकरी त्याला मारण्यासाठी औषध फवारतात. पूर्वी तो मरत असे. आता पुष्कळ ठिकाणी तो मरत नाही. हे असे का झाले, ते आज आपण समजून घेऊ.

शास्त्रज्ञ या वनस्पतीला 'रॅफॅनस रॅफॅनिस्ट्रम' म्हणतात. नाव लांबलचक आहे, म्हणून आपण तिला सरळ 'रानमुळा' म्हणू. रानमुळा हे एक तण आहे. तण म्हणजे पिकात आपोआप उगवणारी नको असलेली वनस्पती. उर्दूत बोलताना आपण तिला घासफूस म्हणतो. तण पिकाच्या वाट्याचे पाणी पिते, जमिनीतले अन्न घेते आणि पिकावर सावली धरते. त्यामुळे गव्हाची वाढ खुंटते आणि धान्य कमी येते. रानमुळ्याचा आणखी एक त्रास आहे. त्याची शेंग वाळली की तिचे लहान लहान तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यात एक बी असते आणि तो तुकडा जवळजवळ गव्हाच्या दाण्याएवढा असतो. म्हणून तो धान्यात मिसळला की चाळणीने सहज वेगळा होत नाही.

रानमुळा मूळचा युरोप आणि भूमध्य समुद्राच्या आसपासचा. एकोणिसाव्या शतकात युरोपातून लोक ऑस्ट्रेलियात जाऊन राहिले. त्यांच्या सामानाबरोबर बियाणे गेले आणि त्या बियाण्यात मिसळून रानमुळाही गेला असावा. तेथे त्याला हवामान मानवले. पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थ शहराच्या पूर्वेला आणि उत्तरेला शेकडो किलोमीटर गव्हाची शेते पसरलेली आहेत. तेथे पाऊस हिवाळ्यात पडतो. पृथ्वीच्या दक्षिण गोलार्धात असल्यामुळे तेथील हिवाळा जून ते ऑगस्टमध्ये असतो. मे महिन्याच्या सुमारास पेरणी होते आणि नोव्हेंबर-डिसेंबरात कापणी. गव्हाबरोबरच रानमुळा उगवतो, गव्हाबरोबरच वाढतो आणि गव्हाबरोबरच पिकतो.

आता तुम्ही म्हणाल, मग खुरपणी करून तो उपटून का टाकत नाहीत? प्रश्न बरोबर आहे. पण तेथे एकेका कुटुंबाची शेती हजारो हेक्टरांची असते आणि काम करणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. एवढे रान खुरप्याने निंदणे अशक्य आहे. नांगर फिरवून तण मारता येते, आणि पूर्वी तसे करतही असत. पण तेथील जमीन बरीचशी वाळूची आहे. वारंवार नांगरले की ती मोकळी होते. वारा सुटला की वरची सुपीक माती उडून जाते आणि जमिनीतला ओलावाही निघून जातो. म्हणून शेतकऱ्यांनी हळूहळू नांगरणी कमी केली. मागच्या पिकाची धसकटे तशीच ठेवून, जमीन फारशी न उकरता ते पेरणी करू लागले. माती वाचली, पाणी वाचले. पण नांगराचे तण मारण्याचे काम आता कोणी करायचे? ते काम तणनाशकावर येऊन पडले.

तणनाशक म्हणजे तण मारणारे औषध. पण गव्हाच्या शेतात औषध फवारले तर गहू का मरत नाही? हे समजण्यासाठी पानांकडे पाहा. गहू, ज्वारी, बाजरी यांची पाने लांब आणि अरुंद असतात. ही सारी गवताच्या कुळातील पिके. मुळा, मेथी, चाकवत यांची पाने रुंद असतात. पानांतच नव्हे, तर या दोन गटांच्या शरीराच्या आतल्या कामकाजातही फरक आहे. या फरकाचा फायदा घेऊन शास्त्रज्ञांनी अशी औषधे तयार केली की, ती योग्य प्रमाणात फवारली तर रुंद पानांचे तण मरते आणि गहू उभा राहतो.

अशा औषधांपैकी '२,४-डी' हे फार प्रसिद्ध आहे. दुसरे महायुद्ध संपण्याच्या सुमारास, १९४५ मध्ये, ते बाजारात आले. वनस्पतीच्या शरीरात वाढीचा हुकूम देणारे एक द्रव्य असते. त्याला ऑक्सिन म्हणतात. २,४-डी हे त्याची नक्कल करते. रुंद पानांच्या झाडाला वाटते की, वाढ, वाढ, असा हुकूम एकसारखा येत आहे. देठ पिळवटतात, पाने वेडीवाकडी होतात आणि शेवटी झाड मरून जाते. त्याच फवाऱ्यात गहू मात्र सुखरूप राहतो.

पुढे १९८० च्या दशकात आणखी प्रभावी औषधे आली. त्यांतील एकाचे नाव क्लोरसल्फ्युरॉन. हे औषध इतके जोरदार की एका हेक्टरला अवघे काही ग्रॅम पुरे होत. त्याचे काम कसे चालते, तेही पाहू. वनस्पतीला प्रथिने तयार करण्यासाठी काही घटक लागतात. त्यांपैकी तीन घटक तयार करण्यासाठी तिच्या शरीरात एक विकर असते. विकर म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. या विकराला थोडक्यात 'ए.एल.एस.' म्हणतात. क्लोरसल्फ्युरॉन या विकराला जाऊन चिकटते आणि त्याचे काम बंद पाडते. मग ते तीन घटक बनत नाहीत, वाढ थांबते आणि रोप मरते. गहू वाचतो, कारण गव्हाचे रोप हे औषध आपल्या शरीरात लवकर मोडून टाकते.

शेतकरी खूश झाले. दर हंगामात औषध आणायचे, फवारायचे आणि स्वच्छ शेत पाहायचे. काही वर्षे असेच चालले. मग काही शेतांत एक विचित्र गोष्ट दिसू लागली. फवारणी झाल्यावर सगळा रानमुळा वाळला, पण मधूनच एखादे रोप हिरवेगार उभे. त्याला पिवळी किंवा पांढरी, चार पाकळ्यांची फुले आली. पुढल्या वर्षी त्याच जागी एका रोपाच्या ठिकाणी ताटवा दिसला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस शास्त्रज्ञांनी अशा रोपांचे बी नेऊन तपासले. तेव्हा नक्की कळले की, पश्चिम ऑस्ट्रेलियातील रानमुळा क्लोरसल्फ्युरॉनसारख्या औषधांना दाद देईनासा झाला आहे. यालाच तणनाशकाविरुद्धची प्रतिकारक्षमता म्हणतात.

येथे आपण क्षणभर थांबू. कारण पुष्कळ लोक येथेच चुकतात. ते म्हणतात, "तणाला औषधाची सवय झाली." एखाद्या माणसाला तिखट खाण्याची सवय होते, तशी ही गोष्ट नाही. एका रोपावर औषध पडले आणि ते औषध सोसायला शिकले, असे होत नाही. साधे रोप औषधाने मरते. मेलेले रोप काय शिकणार? जे रोप वाचले, ते औषध पडण्यापूर्वीच वेगळे होते.

हे वेगळेपण कोठून येते? प्रत्येक सजीवाच्या पेशीत जनुके असतात. शरीर कसे घडवायचे, याच्या सूचना त्यांत असतात. एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाताना या सूचनांची नक्कल होते. नक्कल करताना क्वचित एखादी चूक होते, जशी वहीत धडा उतरवून घेताना एखाद्या अक्षराची होते. या चुकीला उत्परिवर्तन म्हणतात. रानमुळ्याच्या लाखो-करोडो रोपांत एखाद्याच्या ए.एल.एस. विकरात असाच बारीकसा बदल झालेला असतो. हे विकर म्हणजे शेकडो मण्यांची माळ समजा. शास्त्रज्ञांच्या मोजणीत १९७ क्रमांकाच्या जागी 'प्रोलीन' नावाचा मणी असतो. काही प्रतिकारक रोपांत त्या जागी दुसराच मणी आढळला. एवढ्याशा फरकाने औषधाला विकरावर चिकटायला जागा मिळत नाही. कुलूप किंचित बदलले, म्हणून किल्ली बसेना. पण कुलूप आपले रोजचे काम करतच राहते. म्हणजे रोप जगते, वाढते आणि बी धरते.

औषध फवारले नसते तर हे रोप गर्दीत हरवून गेले असते. त्याला इतरांपेक्षा काही विशेष फायदा नव्हता. औषधाने बाकी सर्वांना मारले आणि याच्यासाठी मैदान मोकळे केले. थोडक्यात, औषधाने प्रतिकारक रोप तयार केले नाही. औषधाने त्याची निवड केली.

आता एक हिशेब करू. हे आकडे प्रत्यक्ष मोजलेले नाहीत, केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, एका मोठ्या शेतात रानमुळ्याची वीस लाख रोपे आहेत आणि त्यांत प्रतिकारक फक्त दोन. फवारणी झाली. दोन रोपे उरली. ती प्रत्येक वर्षी वीसपट वाढली असे धरू. दुसऱ्या वर्षी ४०, तिसऱ्या वर्षी ८००, चौथ्या वर्षी १६,००० आणि पाचव्या वर्षी ३,२०,००० रोपे होतील. तिसऱ्या वर्षापर्यंत शेतकऱ्याला काहीच वेगळे दिसत नाही. मोठ्या शेतातली आठशे रोपे डोळ्यांत भरत नाहीत. तो म्हणतो, औषध छान चालले आहे. चौथ्या वर्षी त्याला वाटते, फवारणी नीट झाली नसेल. पाचव्या वर्षी डोळे उघडतात. तोवर प्रतिकारक बी मातीत मिसळून गेलेले असते, आणि रानमुळ्याचे बी मातीत कित्येक वर्षे जिवंत राहू शकते.

आपण हिशेबात एक नाही, दोन रोपे का घेतली, हे तुमच्या लक्षात आले का? रानमुळ्याच्या फुलाला स्वतःच्या परागाने बी धरता येत नाही. त्याला दुसऱ्या रोपाचा पराग लागतो. तो पराग मधमाश्या आणि इतर कीटक आणून देतात. फवारणीनंतर साधी रोपे मेलेली असतात, त्यांचा पराग शेतात उरतच नाही. वाचलेल्या रोपांचा संबंध वाचलेल्या रोपांशीच येतो. एकाच्या अंगी एका औषधाविरुद्धची ताकद असेल आणि दुसऱ्याच्या अंगी दुसऱ्या औषधाविरुद्धची, तर त्यांच्या संततीत दोन्ही ताकदी एकत्र येऊ शकतात. शिवाय मधमाशी कुंपण पाहत नाही. एका शेतकऱ्याच्या बांधावरचा पराग ती दुसऱ्याच्या शेतात नेते.

झालेही तसेच. शेतकऱ्यांनी क्लोरसल्फ्युरॉन सोडून इतर औषधांवर भर दिला. जुने २,४-डी तर होतेच. पण २००४ मध्ये मायकेल वॉल्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. चार वेगवेगळ्या प्रकारे काम करणाऱ्या औषधांविरुद्ध रानमुळ्यात प्रतिकारक्षमता आल्याचे त्यात दाखवले होते. त्या चारांत २,४-डी सुद्धा होते. २,४-डी च्या बाबतीत कारण वेगळे आहे आणि ते अधिक गुंतागुंतीचे आहे. काही प्रतिकारक रोपांत असे दिसले की, औषध ज्या पानावर पडते तेथून ते बाकीच्या झाडात नीट पसरतच नाही. एका ठिकाणी कुलूप बदलले होते. येथे जणू किल्ली घेऊन येणाऱ्याला वाटेतच अडवले होते.

हा प्रकार किती पसरला, हे पाहण्यासाठी शास्त्रज्ञांनी गव्हाच्या पट्ट्यात फिरून वेगवेगळ्या शेतांतून रानमुळ्याचे बी गोळा केले. कापणीच्या वेळी शेतात जी रोपे शिल्लक होती, त्यांचेच हे बी होते. २००३ मध्ये गोळा केलेल्या नमुन्यांपैकी ५४ टक्के नमुन्यांत क्लोरसल्फ्युरॉनला प्रतिकार करणारी रोपे आढळली आणि ६० टक्के नमुन्यांत २,४-डी ला. २०१० च्या पाहणीत हेच आकडे ८४ आणि ७६ टक्के झाले. सात वर्षांत केवढा फरक पडला, पाहा. पुढे २०१४ मध्ये ग्लायफोसेट या जगभर वापरल्या जाणाऱ्या औषधालाही दाद न देणारा रानमुळा पश्चिम ऑस्ट्रेलियातच सापडल्याचे प्रसिद्ध झाले.

वास्तविक याची पूर्वसूचना फार आधी मिळाली होती. १९५७ मध्येच कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात रस्त्याच्या कडेचे रानगाजर २,४-डी ला जुमानत नसल्याचे आढळले होते. पण नवी नवी औषधे येत होती. एक गेले तर दुसरे येईल, असा लोकांचा भरवसा होता. तो भरवसा महाग पडला. नवे औषध शोधायला अनेक वर्षे आणि प्रचंड पैसा लागतो. काम करण्याची पद्धत पूर्णपणे वेगळी असलेले तणनाशक तर १९८० च्या दशकानंतर कित्येक वर्षे बाजारात आले नाही.

औषधाची मात्रा कमी ठेवली तर काय होते, याचाही एक प्रयोग झाला आहे. काही जण पैसे वाचवण्यासाठी औषध पातळ करून फवारतात. त्यांना वाटते, थोडे तण राहिले तर काय बिघडले? वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी औषधाला बळी पडणारा साधा रानमुळा घेतला. त्यावर २,४-डी ची अपुरी मात्रा फवारली. जी रोपे वाचली त्यांचे बी घेऊन पुन्हा पेरले, पुन्हा अपुरी मात्रा फवारली. असे चार पिढ्या केले. २०१६ मध्ये त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. चौथ्या पिढीची रोपे पहिल्या पिढीपेक्षा कितीतरी जास्त औषध सोसत होती. पूर्ण मात्रेत जी रोपे मेली असती, तीच थोडी थोडी चिवट रोपे अपुऱ्या मात्रेत वाचली. त्यांचा चिवटपणा प्रत्येक पिढीत एकत्र होत गेला.

मग यावर इलाज काय? शेती सोडून द्यायची का? पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या शेतकऱ्यांनी आणि शास्त्रज्ञांनी वेगळा विचार केला. त्यांनी रोपाऐवजी त्याच्या बीकडे लक्ष दिले. रानमुळा वर्षभरात मरतो. पुढच्या वर्षी तो येतो, तो केवळ मातीत पडलेल्या बीमुळे. म्हणजे बी मातीत पडू दिले नाही, तर रोप औषधाने मेले काय किंवा न मेले काय, त्याचा वंश खुंटला.

आणि येथे निसर्गाने मदत केली. पुष्कळ तणांचे बी पिकाच्या आधीच गळून पडते. रानमुळ्याचे तसे नाही. गहू कापणीला येतो तेव्हा रानमुळ्याच्या सुमारे ९९ टक्के शेंगा झाडावरच असतात, असे मोजणीत दिसले. कापणी यंत्राचे पाते जमिनीपासून पंधरा सेंटिमीटरवर ठेवले, तर गव्हाच्या ओंब्यांबरोबर या शेंगाही यंत्रात जातात. यंत्र आत मळणी करते. गहू टाकीत जमा होतो आणि भुसा मागून बाहेर पडतो. तणाचे बरेचसे बी या भुशात असते. इतकी वर्षे यंत्र काय करत होते? ते बी गोळा करून भुशाबरोबर पुन्हा सगळ्या शेतभर पसरवत होते! गव्हाची कापणी म्हणजे रानमुळ्याची पेरणी ठरत होती.

मग शेतकऱ्यांनी उपाय सुरू केले. काहींनी यंत्रामागे गाडी जोडून भुसा गोळा केला. काहींनी भुसा अरुंद ओळीत पाडला आणि हंगाम संपल्यावर ती ओळ जाळली. डार्कन गावचे शेतकरी रे हॅरिंग्टन यांनी आणखी पुढची कल्पना लढवली. खाणीत कोळसा फोडण्यासाठी पिंजऱ्यासारखी चक्की वापरतात. तीत लोखंडी दांड्यांची चक्रे एकमेकांच्या उलट दिशेने जोरात फिरतात. भुसा अशा चक्कीतून काढला तर त्यातले बी फुटणार नाही का? त्यांनी प्रयत्न केले. शास्त्रज्ञांनी साथ दिली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत या यंत्राने भुशातील तणाचे किमान ९५ टक्के बी नष्ट केले. 'हॅरिंग्टन सीड डिस्ट्रक्टर' या नावाने ते ओळखले जाऊ लागले. नंतर अशा चक्क्या कापणी यंत्राच्या आतच बसवल्या जाऊ लागल्या. येथे जाळणे नाही, धूर नाही, आणि भुसा पुन्हा मातीलाच मिळतो. एका शेतकऱ्याने खाणीतले यंत्र पाहून शेतातला प्रश्न सोडवला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आता तुम्हाला वाटेल, चला, रामबाण इलाज सापडला. पण शास्त्रज्ञांनी स्वतःलाच एक प्रश्न विचारला. सर्वांनी केवळ हाच उपाय केला तर? समजा, काही रोपे लवकर फुलतात आणि कापणीपूर्वीच त्यांचे बी गळून पडते. चक्की त्यांना पकडू शकणार नाही. त्यांनी प्रयोगासाठी दर पिढीत सर्वांत लवकर फुलणारा रानमुळाच निवडला. फक्त पाच पिढ्यांत त्याचा फुलण्याचा काळ ५९ दिवसांवरून २९ दिवसांवर आला! येथे औषधाचा थेंबही नव्हता. निवड करणारे हत्यार बदलले, पण निवडीचा नियम तोच राहिला. एकच उपाय पुन्हा पुन्हा केला, तर त्या उपायातून निसटणारी रोपेच मागे उरतात.

म्हणून आज तेथील जाणकार शेतकरी अनेक उपाय एकत्र करतात. औषध वापरतात, पण पूर्ण मात्रेत आणि रोप लहान असताना. एकाच प्रकारचे औषध दरवर्षी वापरत नाहीत. पीक बदलतात. गहू थोडा दाट पेरतात, म्हणजे तणाला सावलीत राहावे लागते. जी रोपे यातूनही वाचतात, त्यांचे बी कापणीच्या वेळी नष्ट करतात. एका उपायातून निसटलेले रोप दुसऱ्यात सापडते. सगळ्यांतून निसटणे फार कठीण असते.

आपल्या देशालाही हा प्रश्न नवा नाही. हरियाणातील गव्हात मंडूसी नावाचे गवतासारखे तण असते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते आयसोप्रोट्युरॉन या औषधाला जुमानेनासे झाले आणि शेतकऱ्यांचे मोठे नुकसान झाले. त्यानंतर तेथील जंगली पालक या रुंद पानांच्या तणातही मेटसल्फ्युरॉन या औषधाविरुद्ध प्रतिकारक्षमता आढळली. हे औषध क्लोरसल्फ्युरॉनच्याच कुळातले आहे. देश वेगळा, तण वेगळे, पण घडले तेच.

मित्रांनो, चांगले औषध ही विहिरीच्या पाण्यासारखी सामाईक ठेव आहे. एकाने बेपर्वाईने वापरले, तर मधमाशी त्याची चूक शेजाऱ्याच्या शेतात पोहोचवते. आणि एकदा गेलेली औषधाची ताकद परत आणणे फार कठीण असते. पुढच्या वेळी ताटात मुळ्याची चकती आली, तर तिच्या त्या रानटी भावाची आठवण ठेवा. त्याला बुद्धी नाही, डोळे नाहीत. तरीही त्याने एवढ्या मोठ्या शेतकऱ्यांना आपली पद्धत बदलायला लावली.

स्वाध्याय

१. गव्हाच्या शेतात २,४-डी फवारले तर रानमुळा मरतो, पण गहू का मरत नाही?
२. "तणाला औषधाची सवय झाली" हे वाक्य चुकीचे का आहे? तुमच्या शब्दांत सांगा.
३. पश्चिम ऑस्ट्रेलियातील शेतकऱ्यांनी नांगरणी कमी का केली? त्याचा तणांवर काय परिणाम झाला?
४. पाठातील हिशेब पुढे चालवा. रोपे दरवर्षी वीसपट वाढली, तर सहाव्या वर्षी किती होतील?
५. 'गव्हाची कापणी म्हणजे रानमुळ्याची पेरणी' असे लेखकाने का म्हटले आहे?
६. पुढील शब्द वाक्यांत वापरा : दाद न देणे, डोळ्यांत भरणे, डोळे उघडणे, भरवसा, इलाज.
७. हंगाम, जमीन, हुकूम, इलाज हे शब्द उर्दूत आणि मराठीतही आहेत. पाठातून असे आणखी पाच शब्द शोधा आणि त्यांचा अर्थ दोन्ही भाषांत सारखाच आहे का, ते पाहा.